रक्त कुणाचं, ते आधी सांगा

माझ्या चुलतभावाला एक वाईट खोड आहे. रक्तपाताचा भयपट लावला की पहिल्या दहा मिनिटांत तो पात्रांचे नंबर लावून टाकतो. जंगलातल्या रस्त्यानं गाडी चाललेली असते. आत पाच-सहा कॉलेजची पोरं, कान फाटतील अशी गाणी, बिअर, एकमेकांचे पाणउतारे. हा सोफ्यावर आडवा पडून सांगतो, "टोपीवाला पहिला. मग ती फोनवाली. चष्मेवाला शेवटून दुसरा." आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर येतं. गेल्या पावसाळ्यात असाच एक सिनेमा बघत होतो. पडद्यावर पाचव्या माणसाची आतडी बाहेर आली, तेव्हा हा मला विचारत होता, भज्यांबरोबरची चटणी संपली का.

त्याचं काळीज काही दगडाचं नाही. हाच माणूस हिचकॉकचा 'सायको' बघताना उशी छातीशी धरून बसला होता, आणि त्या सिनेमात सुरी अंगात शिरताना धड दिसतही नाही. एकीकडे बादलीभर रक्त सांडून चटणीची आठवण होते आणि दुसरीकडे वाटीभर रक्तात माणूस गारठतो. असं का होतं, ते समजून घ्यायचा हा खटाटोप.

फसलेल्या भयपटांबद्दल प्रेक्षक दोन तक्रारी हमखास करतात. एक, "सगळी पात्रं डोक्यात जातात." दुसरी, "हे सगळं आधी पाहिलंय." दोन्ही खऱ्या आहेत, पण तेवढ्यानं उलगडा होत नाही. डोक्यात जाणारी पात्रं असूनही हाडं गोठवणारे सिनेमे आहेत. उसनवारीवर उभे राहिलेले उत्तम भयपटही आहेत. मग नेमकं बिनसतं कुठे?

आधी किळस आणि भीती वेगळ्या करून घेऊ. फाटलेलं मांस, बाहेर आलेलं हाड पडद्यावर दिसलं की लगेच अंगावर येते ती किळस. भीती वेगळी. आपल्या रसशास्त्रात या दोघींची घरंच निराळी आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाच्या मुळाशी भय आहे आणि बीभत्स रसाच्या मुळाशी जुगुप्सा, म्हणजे किळस. त्यानं रंगसुद्धा वेगळे वाटून दिलेत. भयानकाला काळा, बीभत्साला निळा. लाल गेला रौद्राकडे, हे मेकअपवाल्यांनी मनावर घेऊ नये.

याच्याही पुढची गोष्ट सतराव्या शतकात जगन्नाथ पंडितांनी 'रसगंगाधरा'त काढली आहे. कुठलाही भाव उभा राहायला दोन टोकं लागतात. ज्यामुळे भाव जागा होतो ते आलंबन, आणि ज्याच्या मनात जागा होतो तो आश्रय. वाघ हे आलंबन, वाघ बघून पाय लटपटणारा माणूस हा आश्रय. भय, शोक, क्रोध यांत ही दोन्ही टोकं आपल्याला समोर दिसतात. पण हास आणि जुगुप्सा या दोन भावांत तसं होत नाही, अशी शंका पंडितांनी मांडली. तिथे नुसतं आलंबन दिसतं. कुजकं प्रेत दाखवलं की किळस आली. ती किळस वाटून घेणारा कुणी गोष्टीत नसला तरी चालतं, तो आपण मनात धरून चालायचा.

पुढचं पंडितांच्या नावावर खपवत नाही, ते माझं आहे. या एका निरीक्षणात रक्ताळ भयपटाचं अर्धं दुखणं सापडतं. किळस आणायला माणूस लागत नाही, नुसतं मांस पुरतं. म्हणून ती स्वस्तात मिळते: साखरेचा दाट पाक, खाण्याचा लाल रंग, रबराचं कातडं आणि कारागीर हात. भीतीला मात्र पडद्यावर घाबरणारा माणूस लागतो आणि त्या माणसाशी आपली काहीतरी ओळख लागते. तो माणूस नुसता नावाला उभा केला तर सिनेमा भयानकातून घसरून बीभत्सात येतो. आणि बीभत्साच्या शेजारी, त्याच बाकावर, हास्य बसलेलं आहे. थिएटरात मुंडकं उडाल्यावर पोरं खिदळतात, त्यात नवल ते काय!

बरं, हा प्रकार आपल्याकडे नवा आहे असंही नाही. आठव्या शतकातला भवभूती, विदर्भातल्या पद्मपूरचा, आपल्या 'मालतीमाधव' नाटकाचा पाचवा अंक थेट स्मशानात नेतो. नायक माधव हातात नरमांस घेऊन भुताखेतांना विकायला आलेला आहे. तिथे एक भुकेलं पिशाच्च आधी प्रेताचं कातडं सोलतं, मग खांद्यांवरचं, पाठीवरचं सुजलेलं, दुर्गंधी सुटलेलं मांस खातं, आणि शेवटी मांडीवर सांगाडा घेऊन हाडांच्या बेचक्यांत अडकलेलं मांससुद्धा निवांत कोरून कोरून खातं. काव्यशास्त्राच्या ग्रंथांत बीभत्साचं उदाहरण म्हणून हाच श्लोक देतात. आजच्या कुठल्याही सेन्सॉर बोर्डानं यावर कात्री उचलली असती.

पण माधव तिथे का आलाय हे आपल्याला ठाऊक असतं. त्याच्या मालतीचं लग्न राजाच्या मर्जीतल्या माणसाशी ठरलंय, सगळे उपाय थकलेत, म्हणून हा शेवटचा अघोरी मार्ग. आणि ती किळस अंगावर असतानाच चामुंडेच्या देवळातून एक किंकाळी ऐकू येते. आवाज ओळखीचा वाटतो. मालतीला बळी द्यायला आणलेलं असतं. पिशाच्चाच्या जेवणानं जे झालं नव्हतं ते त्या आवाजानं होतं. आता त्या स्मशानात आपलं कुणीतरी आहे.

हिचकॉकनं १९६० साली 'सायको'त मोटेलच्या न्हाणीघरात जवळपास हेच केलं. त्या खुनाच्या दृश्याची चर्चा नेहमी तांत्रिक अंगानं होते. आठवडाभर चित्रीकरण, पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिट, कृष्णधवल असल्यामुळे रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप. माझ्या मते त्या दृश्याचा जीव त्याच्या आधीच्या दोन मिनिटांत आहे. नायिका मॅरियननं मालकाच्या गिऱ्हाइकाचे ४०,००० डॉलर पळवलेत. मोटेल चालवणाऱ्या नॉर्मनशी गप्पा झाल्यावर तिचं मन बदलतं. खोलीत येऊन ती कागदावर हिशेब मांडते: चाळीस हजार, त्यातून गाडीवर गेलेले सातशे वजा. मग तो कागद फाडून संडासात टाकते आणि अंघोळीला जाते.

ती चोर आहे. तिच्यावर प्रेम करावं असं तिनं फार काही केलेलं नाही. पण चुकलेला हिशेब जुळवायला बसलेलं माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, बहुधा आरशातच. सुरी येते ती त्या हिशेबावर. पैसे परत करायचं राहून जातं.

म्हणून मला 'आवडणारी पात्रं' हा शब्दच चुकीचा वाटतो. पटकथा शिकवणारे लोक सांगतात, नायकाला आधी कुत्र्याला पाणी पाजताना दाखवा, म्हणजे तो आवडेल. भयपटात त्याचा फारसा उपयोग होत नाही. १९७४ च्या 'द टेक्सस चेन सॉ मॅसकर'मधला फ्रँकलिन आठवा. व्हीलचेअरवरचा हा पोरगा सतत कुरकुरतो, हट्ट करतो, नको त्या वेळी नको तो विषय काढतो. सहनशीलतेचा अंत पाहणारं पात्र. तरी सिनेमा हलवून सोडतो. त्या पडक्या घरात बाकीचे सगळे जिन्यानं वर जातात आणि हा खाली अडकतो. वरून हसण्याचे आवाज येत राहतात. तो खाली एकटाच त्यांची नक्कल करून थुंकी उडवत चिडचिड करतो. हे बघताना फ्रँकलिन आपल्याला आवडू लागत नाही, पण तो असा का झाला असेल ते कळतं. सहलीला नेलेला आणि तरीही मागे ठेवलेला. पुढे रात्रीच्या अंधारात टॉर्चवरून बहिणीशी भांडतो तेव्हा भांडण टॉर्चचं नसतंच.

त्या सिनेमाबद्दल अजून एक गंमत. लोकांच्या आठवणीत तो रक्तानं माखलेला असतो. प्रत्यक्षात त्यात रक्त फारच कमी दिसतं. मुलीला आकड्याला टांगतात त्या दृश्यात आकडा अंगात घुसताना कॅमेरा दाखवतच नाही. खाली ठेवलेली बादली दिसते. उरलेलं काम आपलं डोकं करतं, आणि डोकं तेव्हाच कामाला लागतं जेव्हा टांगलेलं शरीर कुणाचंतरी असतं.

मग एवढं सगळं माहीत असताना लोक टोपीवाला आणि फोनवाली का लिहितात? एक कारण निव्वळ गणिताचं आहे. नव्वद मिनिटांचा सिनेमा, आठ मुडदे पाडायचे. एकेका मरणाला पाठलाग, किंचाळी, मेकअप धरून पाच मिनिटं दिली तरी चाळीस गेली. दहा मिनिटं गावात पोचायला, दहा मिनिटं शेवटच्या झटापटीला. उरलेल्या तीसेक मिनिटांत आठ माणसं बसवायची म्हणजे एकेकाला चार मिनिटांच्या आत काय ते सांगावं लागतं. चार मिनिटांत माणूस उभा करायला लेखक कसलेला लागतो. टोपी घालायला चार सेकंद पुरतात. आणि कमीत कमी वेळात लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे उद्धटपणा. म्हणून सगळे एकमेकांवर खेकसत राहतात.

दुसरं कारण जरा खोलातलं, आणि मला ते जास्त बोचतं. नालायक माणूस मेला की बघणाऱ्याला टोचणी लागत नाही. उलट बरंच वाटतं. मोठ्यानं बोलणारा, मैत्रिणीला फसवणारा, गावकऱ्यांना हिणवणारा पोरगा कापला गेला की थिएटरात शिट्ट्या पडतात. निर्मात्याला वाटतं, वा, प्रेक्षक खूश. पण जो शिट्टी वाजवतोय तो कुणाच्या बाजूनं आहे? कुऱ्हाडवाल्याच्या. आणि ज्याच्या बाजूनं आपण आहोत त्याची आपल्याला भीती कशी वाटणार! १९८० च्या दशकातल्या स्लॅशर, म्हणजे एकच खुनी एकेकाला कापत सुटतो अशा मालिका बघा, तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत पोस्टरवरचा हीरो खुनीच झालेला असतो. तोवर त्या भीतीच्या गोष्टी उरलेल्या नसतात. आता फक्त पुढचा भाग कधी येतो आणि या वेळी हत्यार कुठलं, एवढीच उत्सुकता.

नालायक पात्रं हेतूनं आणली तर मात्र वेगळं होऊ शकतं. एली रॉथच्या 'हॉस्टेल'मधले (२००५) अमेरिकन पोरगे युरोपभर बायकांकडे विकाऊ माल म्हणून बघत फिरतात, आणि मग कळतं की त्यांचीच शरीरं कुणीतरी पैसे मोजून विकत घेतलीत. सिनेमा मला पुरता आवडत नाही, पण तिथे पात्रांचा ओंगळपणा गोष्टीच्या कामी आला आहे, हे कबूल करावं लागतं.

आता उसनवारी. इथे आपले लोक फार चटकन 'ढापलं' म्हणून मोकळे होतात. भयपटात कुणी कुणाचं घेतलेलं नाही असं क्वचितच असतं. जॉन कारपेंटरच्या 'हॅलोवीन'नं (१९७८) 'सायको'कडून इतकं घेतलंय की त्यातल्या डॉक्टरचं लूमिस हे आडनावही तिथलंच, आणि नायिका जेमी ली कर्टिस ही तर मॅरियन साकारणाऱ्या जॅनेट लीची सख्खी मुलगी. पण 'हॅलोवीन'नं प्रश्न बदलला. आडरस्त्यावरच्या मोटेलात मरण येतं हे 'सायको'नं सांगितलं होतं. ते शाळेतून घरी येण्याच्या वाटेवर, शेजारच्या कुंपणामागे आलं तर? वडिलांच्या कामाची किल्ली एका रिकाम्या घराच्या दारात ठेवायला गेलेली मुलगी खुन्याच्या नजरेत येते. बस, एवढंच निमित्त. त्या सिनेमातही रक्त नावालाच आहे.

'हॅलोवीन' धो धो चालला, तेव्हा 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) निघाला. पटकथा हातात यायच्या आधीच नावाची जाहिरात छापून आली होती. आपण त्या यशाच्या मागोमाग निघालो होतो, हे त्याच्या लेखकानंही लपवलं नाही. तरी पहिल्या भागात एक स्वतःची कल्पना होती: 'सायको'तलं आई-मुलाचं नातं उलटं फिरवायचं. आणि टॉम सॅव्हिनी हा व्हिएतनाम युद्धात छायाचित्रकार म्हणून जाऊन आलेला माणूस मेकअपला होता, त्यामुळे जखमा जखमांसारख्या दिसत. पुढच्या भागात मात्र पलंगावरच्या जोडप्याच्या आरपार भाला जातो, तो मारिओ बाव्हाच्या १९७१ च्या इटालियन सिनेमातल्या दृश्याची हुबेहूब आठवण करून देतो. म्हणजे आता मरणाची तऱ्हा उसनी, जागा उसनी, मरणारेही उसने. घरचं असं काय राहिलं?

उसनं आणलेल्या गोष्टीत नेमकं काय हरवतं ते पाहायचं असेल तर गस व्हॅन सँटचा १९९८ चा 'सायको' बघावा. असा प्रयोग कुणी पदरमोड करून क्वचितच करतं. तीच पटकथा, तेच संगीत, बहुतेक सगळे शॉट तसेच, फक्त रंगीत. महागाई वाढली म्हणून चोरलेली रक्कम ४,००,००० डॉलर केली. मॅरियन तोच हिशेब करते. आणि काही होत नाही. १९६० च्या प्रेक्षकाला नायिका मध्यातच मरेल हे स्वप्नातही नव्हतं. पुढे सिनेमा कुणाचा, हेच त्याला कळेनासं झालं असेल. १९९८ चा प्रेक्षक तिकीट काढतानाच न्हाणीघराची वाट बघत होता. शॉट जसाच्या तसा उचलता येतो. समोर बसलेल्याचं अज्ञान उचलून आणता येत नाही.

भीती ही भविष्यकाळात राहते. पुढे काय होणार हे ठाऊक नसणं, आणि जे होईल ते होऊ नये असं वाटणं, या दोन गोष्टींचं ते मिश्रण. उसनी कल्पना पहिलीला मारते, कारण पुढचं सगळं पाठ असतं. डोक्यात जाणारं पात्र दुसरीला मारतं, कारण होऊ नये असं वाटतच नाही. एक दोष असेल तर सिनेमा लंगडत का होईना चालतो. ओळखीच्या वाटेवर सोबती जिव्हाळ्याचा असला तर आपण पुन्हा चालतो. सोबती कंटाळवाणा असला तरी वाट नवी असेल तर खिडकीबाहेर बघत बसतो. दोन्ही नसतील तेव्हा उरते ती चटणी.

दोन्ही दोष एकत्र बघायचे तर रॉथचाच 'द ग्रीन इन्फर्नो' (२०१३) घ्या. त्याची मुळं रुग्गेरो देओदातोच्या १९८० च्या 'कॅनिबल होलोकॉस्ट'मध्ये आहेत. शीर्षकसुद्धा त्या सिनेमातल्या माहितीपटाचं. देओदातोचा सिनेमा बघा असं मी कुणालाही सांगणार नाही. त्यात खरी जनावरं मारली आहेत, आणि त्याला माफी नाही. नट खरेच मेले असावेत असा संशय आल्यानं इटलीत दिग्दर्शकाला कोर्टाला पटवावं लागलं की ते जिवंत आहेत. पण त्या सिनेमाला एक कणा होता. जंगलात गेलेले शहरी माहितीपटवाले बेपत्ता झालेत, त्यांच्या फिल्मची रिळं सापडतात, आणि ती बघता बघता लक्षात येतं की खरा क्रूरपणा कॅमेऱ्यामागच्यांनी केला आहे. म्हणजे तिथली नालायक पात्रं हाच विषय होता. आपण त्यांच्याच कॅमेऱ्यातून बघत आलो, ही टोचणी शेवटी आपल्यालाही लागते.

'ग्रीन इन्फर्नो'नं जंगल घेतलं, नरमांस घेतलं, आणि तो कणा तिथेच सोडला. इथे न्यूयॉर्कचे विद्यार्थी कार्यकर्ते पेरूच्या जंगलात जाऊन स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतात, फोनवरून जगाला दाखवतात, आणि परतताना विमान कोसळतं. ज्यांना वाचवायला गेले त्याच जमातीच्या हाती ते सापडतात. कल्पनेत उपरोध आहे, नाही असं नाही. पण लेखकाला त्या पोरांची आधीपासूनच चीड आहे. त्यांचा पुढारी तर स्वार्थाचा पुतळा. तासभर त्यांची टर उडवल्यावर मग त्यांच्यासाठी आम्ही श्वास रोखावा ही अपेक्षा. कसा रोखणार? आणि ज्या जमातीच्या हाती ते पडतात ती माणसंही जुन्या इटालियन सिनेमांतून जशीच्या तशी आलेली: रंगवलेली तोंडं, एक म्हातारी, सुऱ्या. त्यांनाही ना घर ना कारण.

त्यात एकच मरण मला खरोखर लागलं. जोना नावाचा एक जाडसर, भिडस्त पोरगा आहे, नायिकेवर मूकपणे जीव टाकणारा. पकडलेल्यांपैकी सगळ्यांत आधी, सगळ्यांत भयंकर रीतीनं तो जातो, आणि त्या वेळी बघणं अवघड होतं. नंतरच्यांना त्याच सुऱ्या, तेच रक्त. पण जोनाबरोबर भीती संपते ती संपतेच. दिग्दर्शकानं आपल्याच सिनेमात याचा पुरावा ठेवून दिलाय, बहुधा नकळत.

याच रॉथचा पहिला सिनेमा 'केबिन फीव्हर' (२००२) २०१६ मध्ये दुसऱ्या दिग्दर्शकानं जवळजवळ त्याच पटकथेवर पुन्हा काढला, चौदा वर्षांत. मूळ सिनेमाची कल्पना रॉथला आइसलंडमध्ये स्वतःच्या कातडीला झालेल्या संसर्गावरून सुचली होती. मांस खाणारा रोग, आणि त्या रोगानं उघडे पडणारे मित्रांचे स्वार्थ. त्यात एक पाजी विनोद होता. नव्यात शब्द तेच आणि विनोद गायब. त्यावर यापेक्षा जास्त शाई खर्चावी असं वाटत नाही.

उसनं आणूनही घर सजवता येतं याचं उदाहरण २०१३ चा 'ईव्हिल डेड'. सॅम रेमीच्या १९८१ च्या सिनेमाची ही नवी आवृत्ती. जंगलातली खोपटी, पाच तरुण, वाचू नये ते पुस्तक, सगळं जुनंच. रक्त तर इतकं की शेवटी आभाळातून पडतं. पण नव्या लेखकांनी एका जुन्या प्रश्नाला उत्तर शोधलं. असल्या सिनेमांत प्रेक्षक हमखास ओरडतो: "अरे, निघा ना तिथून!" ही पोरं निघत का नाहीत? कारण मिया नावाची मुलगी व्यसन सोडायला तिथे आली आहे आणि मित्रांनी आधीच ठरवलंय की काहीही झालं, ती कितीही गयावया करू दे, तिला जाऊ द्यायचं नाही. मागच्या वेळी सोडलं आणि सगळं फसलं होतं. त्यामुळे ती "इथे काहीतरी आहे, मला घरी न्या" म्हणून रडते, तेव्हा सगळे प्रेमानं दार लावून घेतात. घरात व्यसनी माणूस असलेल्यांना ते दार ओळखीचं आहे. रेमीकडून खोपटी आणली, पण कुलूप यांचं स्वतःचं.

आपल्या अंगणातला दाखला द्यायचा तर 'तुंबाड' (२०१८). भाषा हिंदी, पण गोष्ट कोकणातली, दिग्दर्शक राही अनिल बर्वे. यातही उसनं आहे आणि ते उघड आहे: नाव श्री. ना. पेंडश्यांच्या कादंबरीची आठवण करून देणारं, बीज नारायण धारपांच्या एका कथेत. पण त्या बिजाला पाऊस, वाडा, पिठाची बाहुली आणि सोन्याच्या मोहरांचं अख्खं रान फुटलंय. पिठाच्या बाहुल्या तर आपल्या आजीच्या गोष्टींत असायच्याच. त्या इथे थेट देवाच्या भुकेला बांधल्या. पृथ्वीच्या गर्भाच्या लालभडक, ओल्या भिंती दिसतात तेव्हा किळस येते, आणि ती भीतीची चाकरी करते.

त्यातला नायक विनायकराव तर नालायकांचा शिरोमणी. लोभी, खोटारडा, घरच्यांशी कोरडा, सावकाराला मरणाच्या दारात सोडणारा. कुत्र्याला पाणी वगैरे पाजायच्या भानगडीत तो पडत नाही. तरी मोहरांसाठी दोरीवर लोंबकळत तो विहिरीतून त्या गर्भात उतरतो तेव्हा आपल्या तळहातांना घाम फुटतो. त्याला काय हवंय ते आपल्याला चोख ठाऊक असतं, कारण लहानपणापासूनची त्याची भूक आपण पाहिलेली असते. आणि तसलं काहीतरी आपल्यालाही हवं असतंच, फक्त विहीर सापडलेली नसते.

चुलतभावाबरोबर तो सिनेमा मी दुसऱ्यांदा पाहिला. नंबर लावायला पात्रंच कमी, त्यामुळे तो सुरुवातीला हिरमुसला होता. मध्यंतरानंतर विनायकराव आपल्या मुलाला गर्भात उतरायला शिकवू लागतो. पोरगं छोटं आहे, शिकायला उतावीळ आहे, बापाची शाबासकी हवी आहे त्याला. भाऊ सरळ होऊन बसला आणि टीव्हीकडे हात करून म्हणाला, "ए, त्याला कशाला नेतोयस रे?"